स्क्रू गेला, सिलिकोन आले
घरगुती उपकरणांच्या जोडणीचा प्रश्न

(मुळशी तालुक्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात पिरंगुट येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पक्षाच्या अभ्यासवर्गात एका चिकटद्रव्यावर व्याख्यान व्हावे, ही गोष्ट काहींना विक्षिप्त वाटण्याचा संभव आहे. जमीन, पाणी, रोजगार हमी, सहकार हे नित्याचे विषय सोडून सिलिकोनच्या नळीकडे वळण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणी केला तर तो गैर म्हणता येणार नाही. परंतु स्वयंपाकघरातील वस्तू राजकारणाबाहेरच्या असतात हा समज या महाराष्ट्रात १९७२ सालीच मोडला गेला. त्या वर्षी मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी भगिनी लाटणी हाती घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या, तेव्हा तेल, साखर आणि रॉकेल यांचा भाव कोण ठरवतो हा प्रश्न चुलीपाशी बसलेल्या स्त्रीने सरकारला विचारला. आज त्याच चुलीच्या जागी काचेची शेगडी आली आहे. ती कोणी जोडली, कशाने जोडली आणि बिघडल्यावर ती उघडता का येत नाही, हा त्याच प्रश्नाचा पुढचा भाग आहे.

मुळशी तालुक्यात हा विषय काढण्यास आणखी एक कारण आहे. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, येथील मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली तो १९२४ पर्यंत चालला. ‘जान किंवा जमीन’ ही त्याची घोषणा होती. सत्याग्रह हरला, सुमारे ५० गावांची भाताची खाचरे पाण्याखाली गेली, आणि तेच पाणी सह्याद्रीच्या पश्चिमेस उतरवून १९२७ पासून भिऱ्याच्या वीजगृहात मुंबईच्या गिरण्यांसाठी व रेल्वेसाठी वीज होऊ लागली. मुळशीने वीज दिली, मुळशीच्या घरात मात्र ती पुष्कळ वर्षांनी आली. वीज आली तेव्हा तिच्यामागोमाग विजेवर चालणाऱ्या वस्तू आल्या, आणि पुणे–पौड रस्त्याच्या कडेने पिरंगुट, भरे, उरवडे, घोटावडे, कासार आंबोली या पट्ट्यात कारखानेही आले. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास, शिरूर तालुक्यातील रांजणगाव येथे, एल.जी., व्हर्लपूल आणि हायर या कंपन्या शीतकपाटे व धुलाईयंत्रे तयार करतात. हेंकेल या जर्मन कंपनीचा चिकटद्रव्यांचा मोठा कारखाना २०२० साली दौंड तालुक्यातील कुरकुंभ येथे सुरू झाला. उपकरणे आणि ती जोडणारी द्रव्ये, दोन्ही पुणे जिल्ह्यातच होतात. तेव्हा हा विषय परका नाही.

प्रथम पदार्थाची ओळख करून घ्यावयास हवी. सिलिकॉन हे मूलद्रव्य आणि सिलिकोन हा त्यापासून केलेला रबरासारखा पदार्थ या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुकानात मात्र दोहोंना सिलिकॉनच म्हणतात. मूलद्रव्य मिळते ते गारगोटीपासून. गारगोटी व कोळसा विजेच्या भट्टीत तापवून सिलिकॉन धातू काढतात, आणि एक टन धातूसाठी सुमारे ११ ते १३ हजार युनिट वीज खर्ची पडते. जगातील बहुतांश सिलिकॉन धातू आज चीनमध्ये होतो. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम येथे फ्रेडरिक किपिंग या रसायनशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी या संयुगांना सिलिकोन हे नाव दिले. त्यांचा काही व्यावहारिक उपयोग होईल अशी आशा त्याला स्वतःला फारशी नव्हती. १९४० च्या सुमारास अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत यूजीन रोचो याने सिलिकॉन धातू आणि मिथाइल क्लोराइड यांच्या संयोगाने हे द्रव्य घाऊक प्रमाणात करण्याची रीत काढली, आणि १९४३ मध्ये डाऊ केमिकल व कॉर्निंग ग्लास यांनी मिळून डाऊ कॉर्निंग ही कंपनी स्थापन केली. तिच्या मालाचे पहिले मोठे गिऱ्हाईक होते युद्ध: उंचावरून उडणाऱ्या लढाऊ विमानांच्या इंजिनातील विजेच्या जोडण्या दमट हवेपासून वाचविण्यासाठी सिलिकोनचे मलम वापरले गेले. डाऊने २००१ साली भोपाळची युनियन कार्बाइड विकत घेतली आणि २०१६ साली डाऊ कॉर्निंगचा पूर्ण ताबा घेतला, हे जाता जाता सांगितले पाहिजे. याच डाऊचे संशोधन केंद्र खेड तालुक्यातील शिंदे-वासुली येथे होऊ नये म्हणून २००८ साली ग्रामस्थ आणि वारकरी उभे ठाकले होते, आणि ते केंद्र तेथे झाले नाही.

आता हे द्रव्य शेगडीत का आले? याचे उत्तर कंपनीच्या कपटात शोधण्यापूर्वी ते पदार्थाच्या गुणात शोधणे प्रामाणिकपणाचे होईल. टफन्ड काचेला एकदा कठीणपणा दिल्यावर भोक पाडता येत नाही. पाडू गेल्यास ती क्षणात चुरा होते. अशी काच लोखंडी चौकटीवर बसवावयाची, खाली जाळ, वर उकळते दूध, आणि तापल्यावर काच व लोखंड निरनिराळ्या प्रमाणात प्रसरण पावणार. कडक जोडणी असेल तर ताण काचेवर येतो आणि काच तडकते. सिलिकोनचा पट्टा मात्र रबरासारखा ताणला जातो व पुन्हा जागेवर येतो. सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या अणूंची साखळी इतकी चिवट असते की सामान्य सिलिकोन उणे ५० अंशांपासून २०० अंश सेल्सिअसपर्यंत निभावते, आणि भट्टीच्या दारासाठी केलेले खास प्रकार त्याहूनही अधिक. साधा डिंक किंवा लाकडावरचे फेव्हिकॉल त्या जागी तासभरही टिकणार नाही. इंडक्शन शेगडीचा काचेचा पाट प्लास्टिकच्या पेटीस चिकटविलेला असतो तो याच द्रव्याने. वाफेच्या इस्त्रीत पाण्याची वाफ कोंडणारे झाकण, धुलाईयंत्रातील विजेच्या पट्टीवरचे पाणीरोधक आवरण, शीतकपाटाचे काचेचे दार, अशा अनेक ठिकाणी स्क्रू आणि रबरी वॉशर यांची जागा सिलिकोनने घेतली आहे. पाणी आत जात नाही, खडखड होत नाही, विजेचा धक्का बसण्याचा धोका कमी होतो. हे लाभ खरे आहेत आणि ते नाकारण्यात समाजवादाचे काही हित नाही.

प्रश्न सुरू होतो तो लाईनवर.

हे द्रव्य नळीतून बाहेर येते तेव्हा लोण्यासारखे मऊ असते. गनचा खटका दाबून कामगार त्याची सारख्या जाडीची रेघ चौकटीच्या कडेने फिरवतो, वर काच ठेवतो आणि दाबतो. मोठ्या कारखान्यात हे काम यंत्राचा हात करतो. लहान ठिकाणी ते माणसाचा, आणि पुष्कळदा स्त्रीचा, हात करतो. रेघ कोठे तुटली तर तेथून पाणी शिरणार, जाड झाली तर बाहेर ओघळणार. दिवसभर खटका दाबून अंगठ्याच्या व मनगटाच्या शिरा धरतात. या कौशल्याला मजुरीच्या पत्रकात नाव नाही. स्क्रू पिळणाऱ्यास निदान फिटर म्हणत असत, रेघ ओढणारी बाई हेल्पर म्हणूनच नोंदली जाते.

त्यानंतर येतो वेळ. एका नळीतील सामान्य सिलिकोन हवेतील बाष्प शोषून घट्ट होते. वरची साय काही मिनिटांत धरते, परंतु आतला भाग २४ तासांत साधारणतः दोन ते तीन मिलिमीटरच पिकतो. म्हणजे जोडलेली वस्तू एक दिवस मांडणीवर स्वस्थ ठेवली पाहिजे. येथे मुळशीचे हवामान मध्ये येते. आषाढ-श्रावणात ताम्हिणीकडून पावसाचे लोट येतात तेव्हा हवा इतकी दमट असते की नळीच्या तोंडाशीच साय धरते आणि काच ठेवण्यापूर्वी रेघ निबर होते. मग ती नीट चिकटत नाही. उलट चैत्र-वैशाखात हवा कोरडी पडते आणि पिकण्याचा वेळ वाढतो. पदार्थाचा स्वभाव ऋतूप्रमाणे बदलतो, मालाच्या मागणीचा तक्ता मात्र बदलत नाही. दिवाळीपूर्वीच्या दोन महिन्यांत गाडी दाराशी उभी असते. माल अर्धा पिकलेला असताना खोक्यात गेला तर सहा महिन्यांनी काच चौकटीपासून सुटते, आणि ठपका बसतो तो त्या दिवशी लाईनवर असलेल्या हेल्परवर. प्लॅटिनमच्या साहाय्याने भट्टीत काही मिनिटांत पिकणारे दोन भागांचे सिलिकोनही असते. ते महाग पडते, त्यास भट्टी लागते, आणि गंधक असलेल्या रबराचा स्पर्श झाला तरी ते पिकण्याचे नाकारते. भांडवल असलेला कारखानदार वेळ विकत घेतो. लहान कारखानदार तो कामगाराच्या अंगातून काढतो.

तिसरी गोष्ट वाफेची. पिकताना हे द्रव्य काहीतरी बाहेर टाकते. स्वस्त प्रकारातून ॲसेटिक आम्ल निघते, म्हणून खोलीत व्हिनेगरचा वास भरतो आणि डोळे झोंबतात. हे आम्ल तांब्याच्या तारा खाते, म्हणून विजेच्या उपकरणांसाठी तो प्रकार टाळून ज्यास व्यापारात न्यूट्रल म्हणतात तो घेतला जातो. यातील गंमत पाहण्यासारखी आहे. तांब्याची तार गंजते हे ध्यानात येताच द्रव्य बदलले गेले. न्यूट्रल म्हणजे निरुपद्रवी असे मात्र नव्हे. त्यातील एका मोठ्या वर्गातून मिथाइल इथाइल किटोक्झाइम नावाचे रसायन बाहेर पडते. प्राण्यांवरील प्रयोगांच्या आधारे युरोपीय संघाने त्यास माणसात कर्करोग उत्पन्न करणारे मानावे असे ठरविले, आणि ते वर्गीकरण २०२२ पासून तेथे लागू आहे. तेथील पुष्कळ उत्पादक त्यानंतर अल्कोहोल सोडणाऱ्या दुसऱ्या प्रकाराकडे वळले. हा दुसरा प्रकार येथेही मिळतो. भारतीय कामगाराच्या यकृताची तार मात्र तांब्याची नसल्यामुळे तिची किंमत हिशेबात धरली जात नाही, असे कोणी म्हटले तर त्यास कटू म्हणता येईल, खोटे म्हणता येणार नाही.

भर टाकावयाची ती पुसण्याच्या द्रवाची. तेलकट पृष्ठभागावर सिलिकोन धरत नाही, म्हणून चौकट व काच आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात. हा द्रव सुमारे १२ अंश सेल्सिअसलाच पेट घेण्याजोगी वाफ सोडतो. म्हणजे मुळशीत तो बहुतेक बाराही महिने पेटण्यास तयार असतो. ७ जून २०२१ रोजी उरवडे येथे एस.व्ही.एस. ॲक्वा टेक्नॉलॉजीज या कारखान्यात लागलेली आग सिलिकोनची नव्हती. तेथे क्लोरीन डायऑक्साइडची जलशुद्धीकरणाची उत्पादने होत असत. परंतु त्या आगीत पंधराहून अधिक कामगार जळून गेले आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, ही गोष्ट या तालुक्यात रसायन हाताळणाऱ्या प्रत्येक शेडबद्दल बोलताना आठवली पाहिजे. देह ओळखण्यापलीकडे गेले होते. पेट घेणारा माल, वेष्टनाचे प्लास्टिक आणि माणसे एकाच छपराखाली दाटीने ठेवणे हे त्या एका कारखान्याचे वैशिष्ट्य नव्हते. असल्या शेडमध्ये पुसण्याच्या द्रवाचा कॅन कोठे ठेवलेला असतो आणि बाहेर पडण्याचे दुसरे दार आहे की नाही, हे पाहण्यास रसायनशास्त्राची पदवी लागत नाही.

कायद्याचे काय? १९४८ च्या कारखाना कायद्यात विजेवर चालणारा कारखाना म्हणजे जेथे १० किंवा अधिक कामगार आहेत तो, अशी व्याख्या होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतील सुरक्षिततेच्या संहितेत ही संख्या २० झाली आहे. कंत्राटी कामगारांसंबंधीच्या तरतुदीही आता ५० कामगारांपासून लागू होतात. १९७० च्या मूळ केंद्रीय कायद्यात ही मर्यादा २० होती. धोकादायक कामासाठी त्याहून लहान ठिकाणीही संहिता लागू करण्याची अधिसूचना सरकारला काढता येते, परंतु रेघ ओढण्याचे काम धोकादायक आहे असे सरकारला कोणी सांगावयाचे? पंधरा जणींची जोडणीची शेड या सगळ्या चाळणीतून अलगद खाली गळते.

येथवरचा विचार वस्तू करणाऱ्याच्या बाजूने झाला. ती वापरणाऱ्याच्या बाजूनेही प्रश्न तितकाच गंभीर आहे, आणि पुष्कळदा ही दोन माणसे एकाच घरात राहतात.

साठच्या दशकात सुमीतचा मिक्सर निघाला आणि त्याने पाट्यावरवंट्यापासून स्त्रीच्या पाठीची सुटका करण्यास आरंभ केला. हा मिक्सर बिघडला तर पौडच्या किंवा पिरंगुटच्या बाजारात खाटेवर सामान मांडून बसलेला कारागीर चार स्क्रू काढून कार्बन बदलत असे, भांड्याखालचा घासलेला कप्लर नवा बसवीत असे, आणि त्याच दिवशी संध्याकाळी मिक्सर घरी जात असे. इंडक्शन शेगडीत जळतो तो बहुधा आतला एखादा लहानसा भाग. परंतु जिचा पाट वरून चिकटविलेला आहे अशा शेगडीत तेथे पोचावयाचे तर काचेखालचा सिलिकोनचा पट्टा पातळ पात्याने किंवा तारेने कापावा लागतो. पिकलेले सिलिकोन कोणत्याही साध्या द्रावकात विरघळत नाही. कापताना काच फुटली तर शेगडीच्या किमतीचा मोठा भाग तेथेच गेला. न फुटता निघालीच, तर जुन्या पट्ट्याचा कण न् कण खरवडून, पुसून, योग्य जातीचे नवे द्रव्य भरून ती २४ तास ठेवावी लागते. कारागीर हात जोडतो आणि नवी घ्या म्हणतो. त्याचा धंदाही त्या पट्ट्याखाली गाडला गेलेला असतो.

राममनोहर लोहियांनी छोट्या यंत्राची कल्पना मांडली ती केवळ आकाराने लहान यंत्राची नव्हती. खेड्यात चालेल, खेड्यातील माणसाच्या ताब्यात राहील असे यंत्र त्यांना अभिप्रेत होते. गांधीजींनी १९२४ साली यंत्रांविषयी बोलताना शिवणयंत्राचा अपवाद केला होता. मग ते यंत्र तयार करण्यास कारखाना लागेल त्याचे काय, असे विचारले असता तो कारखाना राष्ट्राच्या मालकीचा किंवा सरकारी नियंत्रणाखाली असावा, एवढ्यापुरते आपण समाजवादी आहोत, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. आजची शेगडी आकाराने छोटी आहे, घरात आहे, स्त्रीचे श्रम वाचविणारी आहे. दोघांच्या कसोटीस ती उतरावी असे वरकरणी दिसते. परंतु पैसे भरून घेतलेली वस्तू उघडण्याचा व्यवहार्य मार्गच शिल्लक ठेवलेला नसेल, तर तिची मालकी अपुरीच राहते.

कंपन्यांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. अनभिज्ञ हातांनी उपकरण उघडले तर विजेचा धक्का बसेल, पाणी शिरेल, आग लागेल, असे त्या सांगतात. यात तथ्य आहे, परंतु ते अर्धे आहे. पाण्याच्या आणि विजेच्या मध्ये जेथे पडदा हवा तेथे सिलिकोन असावे याबद्दल वाद नाही. वाद आहे तो जेथे रबरी गॅस्केट आणि सहा स्क्रू यांनी तेच काम होते तेथे केवळ लाईनवरचे काही सेकंद वाचावेत म्हणून रेघ ओढण्याबद्दल. ते वाचलेले सेकंद कंपनीच्या खात्यात जमा होतात. पुढे वाया जाणारी वस्तू, बुडालेला कारागीर आणि भंगाराचा ढीग हे कोणाच्याच खात्यात दिसत नाहीत. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यास समिती नेमली आणि शेतीची अवजारे, मोबाईल, घरगुती टिकाऊ वस्तू व वाहने ही क्षेत्रे प्रथम घेतली. सुटे भाग आणि माहितीपुस्तिका मिळाव्यात एवढ्यावर ती चर्चा बव्हंशी फिरत राहते. पेटी उघडताच येत नसेल तर सुटा भाग घेऊन ग्राहकाने काय करावे, हा प्रश्न डाव्या पक्षांनीही अद्याप नीट विचारलेला नाही. किंबहुना दुरुस्तीच्या हक्काकडे शहरी मध्यमवर्गाचा छंद म्हणून पाहण्याची एक खोड चळवळीत आहे. ती सुटली पाहिजे, कारण नवी शेगडी घेण्याचा खर्च सर्वांत जड जातो तो हेल्परच्याच घराला.

यंत्रे फोडण्याचा कार्यक्रम कोणी हाती घ्यावा असे या विवेचनातून निघत नाही. पिरंगुटच्या परिसरात कामगारांत वावरणाऱ्या साथींना मात्र काही गोष्टी उद्यापासून विचारता येतील. नळीवर रसायनाचे नाव छापलेले असते, आणि प्रत्येक द्रव्याबरोबर उत्पादकाचे सुरक्षा माहितीपत्रक येते. ते बहुधा इंग्रजीत असते आणि कचेरीच्या कपाटात असते; ते मराठीत, आणि परप्रांतीय कामगार असतील तेथे हिंदीत, लाईनपाशी लागले पाहिजे. पिकताना किटोक्झाइम सोडणारा प्रकार वापरात असेल तर त्याऐवजी अल्कोहोल सोडणारा प्रकार का नाही, हे मालकास लेखी विचारता येते. त्यातील एका उपप्रकारातून मिथेनॉल निघते, म्हणून खिडकी व पंखा तेथेही हवाच. माल पिकण्यासाठी ठेवतात त्या मांडण्या आणि माणसे जेवावयास बसतात ती जागा निराळी असावी. कारखान्याच्या पत्रकावर फक्त कायम कामगारांची संख्या दाखवलेली असेल, तर कंत्राटदाराच्या हजेरीपुस्तकातील नावे त्यात मिळवून बेरीज २० वर जाते का, हे मोजून पाहावे. बऱ्याच शेडमध्ये ती जाईल.

दुरुस्तीच्या बाजूचे काम याहून सोपे आणि याहून संथ आहे. पौड, पिरंगुट, भूगाव येथील कारागिरांकडे महिन्याभरात कोणती उपकरणे आली, त्यांतील किती उघडता आली नाहीत आणि का, याची एक साधी वही ठेवावी. तिच्यात कंपनीचे नाव, वस्तू, बिघाड आणि वस्तूचे वय एवढे चार रकाने पुरेत. अशी वही सहा महिने चालली तर दुरुस्तीच्या हक्काविषयी ग्राहक व्यवहार विभागाकडे पाठविण्यास तालुक्यापाशी स्वतःचा पुरावा असेल, आणि तो तयार करण्यास कोणा तज्ज्ञाची वाट पाहावी लागणार नाही.